नथवालीच्या कानातला खडा

माशाचा खून झालाय असं सांगत कुणी दारात आलं, तर शहाण्यानं आधी त्याला गार पाणी द्यावं. अप्पारावांनी दोन तांबे भरून दिले, कारण आलेल्या दोघी होत्या.

पुंडलिकनगरात मे महिन्याची दुपार. कुलरसुद्धा धापा टाकत होता. घर भानुमतीबाईंचं. विमा कंपनीत खोटे दावे पकडता पकडता बाईंचे केस पांढरे झाले होते, आणि निवृत्तीनंतर लोक आपापली कोडी घेऊन घरीच येऊ लागले होते. अप्पाराव खालच्या मजल्यावरचे भाडेकरू. जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेलेला. आता ते बाईंचे स्कूटरवाले, पाठीराखे आणि स्वतःच्या मते उजवा हात होते. बाईंचं मत निराळं होतं, पण त्या ते बोलून दाखवत नसत.

"खून कुणाचा म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"नथवालीचा," भामाबाई म्हणाली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली बाई. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती बोलत होती. "वेरूळच्या अलीकडं आमची वाडी हाय. तिथं जुनी बारव. त्या बारवंत नथवाली राह्यची. हातभर लांब रोहू, आन वरच्या ओठात सोन्याची नथ. लोक नवस बोलत्यात. मी पायरीवर मुरमुरे इकते, तिला चारते. काल सकाळी गेले तर उताणी. उत्तरेच्या कोनाड्यात अडकलेली. मी पाण्यात उतरून तिला पायरीवर आणली, मग हाका मारल्या. लोकं जमली आन कुणीतरी म्हणलं, नथ कुठाय?"

"आणि नथ नव्हती."

"नाय. आता सगळे म्हणत्यात, भामीनंच मारली आन नथ काढली. उद्या सांजच्याला बारवंवर बैठक हाय. चोर ठरवून मला पायरीवरून उठवणार, आन मग पोलिसात देणार. बाई, पायरी गेली तर पोट जाईल, ते भरंल कुठंतरी. पन चोर म्हणून मला त्या गावात मरायचं नाय."

सोबतची मुलगी पुढे सरकली. रूपा, भामाबाईची भाची. शहरात राहून प्राणिशास्त्रात संशोधन करत होती. "आत्या मुंगीला पण पाय लागू देत नाही," ती म्हणाली. "मासा हॉटेलच्या बर्फात ठेवलाय, पुरावा म्हणून. हॉटेल विश्वजीत साठेंचं. बारव समितीचे अध्यक्षही तेच."

"म्हणजे वकील, साक्षीदार आणि बर्फ, सगळं एकाच घरचं," बाई म्हणाल्या. "भामाबाई, अलीकडं नथवालीत काही फरक वाटला होता?"

भामाबाईनं जरा विचार केला. "रुसली होती. पूर्वी हातातनं मुरमुरा घ्यायची. मी हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणाला जालन्याला गेले, तेवढ्यात हिकडं बारवंतला गाळ काढला. शिवरात्र झाल्यावर आले, तर हाताजवळ येईना. मला वाटलं, सोडून गेले म्हणून राग आला आसंल."

"मासे रुसतात," अप्पारावांनी जाणकारासारखी मान हलवली. "पैठणच्या गाडीत एकदा एका कोळ्याच्या टोपलीतली मरळ..."

"अप्पाराव," बाई म्हणाल्या, "स्कूटरमध्ये पेट्रोल आहे का बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाडीवर पोचले तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. बारव खोल, काळ्या दगडाची, चारी बाजूंनी पायऱ्या. पाणी तळाशी गेलेलं, पण काचेसारखं स्वच्छ. दगडावर शेवाळाचा ठिपका नव्हता.

हॉटेल रस्त्याच्या पलीकडे होतं. दारातच कारंजं, आणि त्यात रंगीत मासे. विश्वजीत साठे पांढऱ्या बुटांत आणि मोठ्या आवाजात बाहेर आला.

"देखो मॅडम, मी सरळ माणूस आहे. ती बाई गरीब आहे, मान्य. पण गरिबाला सोनं दिसलं की काय होतं, सांगायला पाहिजे का?"

"श्रीमंताला काय होतं?" बाईंनी विचारलं.

विश्वजीत हसला, पण डोळे हसले नाहीत. अप्पारावांना हा गडी पहिल्याच नजरेत पटला नाही. बारवेभोवती कुंपण घालून ती हॉटेलच्या आवारात घ्यायचा त्याचा बेत गावात सगळ्यांना ठाऊक होता. पायरीवरची मुरमुरेवाली त्या बेतात बसत नव्हती.

"गाळ काढला तेव्हा नथवाली कुठे होती?" बाईंनी विचारलं.

"इथेच, माझ्या कारंज्यात! काय गर्दी होती, पूछो मत." त्यानं फोन काढला. "हा बघा व्हिडिओ. निघायच्या दिवशीचा. पोरगी बिस्किट देतेय आणि मासा तिच्या बोटातून घेतोय. त्यानंतर समितीचे मुकुंद मास्तर तिला आपल्या घरी घेऊन गेले, शिवरात्रीच्या अभिषेकासाठी. तिथून मिरवणुकीनं परत बारवेत."

बाईंनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "आता बर्फ दाखवा."

मासा थर्मोकोलच्या खोक्यात होता. मोठा, रुपेरी, बिचारा. वरच्या ओठात भोक होतं आणि भोकाभोवती हिरवट डाग.

"शेवाळ लागलंय," अप्पाराव म्हणाले.

"कुठलं शेवाळ?" बाईंनी विचारलं. अप्पाराव वाकून पुन्हा बघू लागले.

रूपानं विश्वजीतच्या देखत माशाच्या डोक्याला छेद दिला. चिमट्यानं मेंदूच्या मागून दोन पांढुरके कण काढले. मसुराच्या डाळीहून लहान.

"हे काय? किडनी स्टोन?" विश्वजीतनं विचारलं.

"कानातले खडे," रूपा म्हणाली. "माशाला बाहेरून कान दिसत नाही, पण आत असतो. त्यात खड्यांच्या तीन जोड्या असतात. तोल सांभाळायला आणि ऐकायला. रोहूच्या जातीत ही जोडी वयासाठी बरी पडते. मासा अंड्यातून बाहेर यायच्या आधीच खड्याचं बीज तयार होतं. मग त्यावर चुन्याचा पापुद्रा चढत जातो, रोज एक. खायला भरपूर असलं की पापुद्रा जाड, उपासमार असली की बारीक. थंडीतला पट्टा वेगळा, उन्हाळ्यातला वेगळा."

"आणि आजारी पडला, वाळला, तर खडा पण झिजत असेल," अप्पाराव म्हणाले.

"नाही काका. खवले झिजतात, हाडातला चुना शरीर परत ओढून घेतं. खडा तसाच राहतो. एकदा चढलेला थर मासा जिवंत असेपर्यंत उतरत नाही. उपाशी माशाचं अंग वाढायचं थांबतं, तरी खडा थोडा थोडा वाढतच राहतो."

"म्हणजे अंगानं सारखे दोन मासे असले," बाई सावकाश म्हणाल्या, "एक म्हातारा आणि अर्धपोटी, दुसरा तरणा आणि खाऊनपिऊन सुखी, तर मोठा खडा कुणाचा?"

"म्हाताऱ्याचा."

बाईंनी मान डोलावली. रूपा खडे घेऊन सूक्ष्मदर्शकाकडे गेली. विभागातून ती तो उसना घेऊन आली होती.

कडूबा शेततळ्याच्या बांधावर मासळीला खाद्य फेकत होता. काटक, मिशाळ, तोंडात तंबाखू. बारवेतला गाळ त्याच्याच माणसांनी काढला होता आणि नथवालीचं पिंपही दर वेळी त्याच्याच ट्रॅक्टरवर चढलं होतं. तळ्यातले रोहू पाण्याबाहेर तोंडं काढून खाद्यावर तुटून पडत होते.

"लई माजलेत," अप्पाराव कौतुकानं म्हणाले.

"मंग! वरीस-दोन वर्सांत हातभर व्हत्यात. बारवंतली बिचारी मुरमुऱ्यावर काय वाढंल?"

"गिऱ्हाईक कोण कोण?" बाईंनी विचारलं.

"सगळंच गाव. हाटेलवाले साठेसाहेब तर रोजचे. उपास सोडायला नेणारे निराळे, गुपचूप नेणारे निराळे." कडूबानं डोळा मारला. "माळकरी पण येत्यात. मुकुंद मास्तरसुद्धा आले व्हते हिवाळ्यात. पावण्यासाठी म्हणले. जिताच दे, मोठा दे. म्या म्हणलं, मास्तर, पावणा मोठा दिसतोय!"

अप्पाराव पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत. "नथवालीला मास्तरांकडून परत आणताना वाटेत काही झालं?"

"वाटंत काय व्हतंय? म्होरं ढोल, मागं बायका, पिंपावर शंभर डोळं. पन त्यांच्याकडनं पिंप भरलं तवा एक झालं. मला म्हणले, हौद घासून दे. आंबट वास लई मारत व्हता. दही इरजल्यावानी."

परतताना अप्पारावांनी स्कूटर सावलीत घेतली. "भानुताई, हा कडूबाच. मासे त्याचे, ट्रॅक्टर त्याचा, मिशी त्याची."

"मिशीचा पुरावा कोर्टात टिकत नाही."

"मग साठे. बारव हवीय, बाई नकोय."

"साठेला बारव हवीय, म्हणूनच त्याला नथवाली जिवंत हवी. मासा गेला की बारवेला कोण येणार? तो लबाड आहे, अप्पाराव, पण आपल्याच कोंबडीची मान मुरगळणारा नाही. नथ ज्यानं नेली त्याला सोनं नको होतं. किंवा..." आणि त्या थांबल्या. ही 'किंवा'वर थांबायची सवय अप्पारावांना मुळीच आवडत नसे.

मुकुंद मास्तरांचं घर वाडीच्या टोकाला होतं. निवृत्त शिक्षक, समितीचे सचिव. अंगणात दगडी हौद, शेजारी बेलाचं झाड, आणि झाडाखाली नव्यानं सारवलेला छोटा ओटा. मास्तरांनी स्वतः पन्हं आणून दिलं. आवाज इतका मऊ की अप्पारावांना आपली शाळा आठवली. तिथला मास्तर इतका मऊ नव्हता, म्हणून जास्तच आठवली.

"भामाबाईंनी असं करावं, मनाला पटत नाही," मास्तर म्हणाले. "पण दारिद्र्य वाईट. बैठकीत मी सांगणार आहे, पोलिसात देऊ नका. पायरी सोडली म्हणजे झालं."

"मोठं मन आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "नथवाली किती वर्षांची होती हो?"

"लोक म्हणतात निजामाच्या अमदानीतली. मी हसतो. जुन्या सरपंचांनी जोडी सोडली होती. ही आपली रूपा प्राथमिक शाळेत होती तेव्हा. तिची सखी दोन उन्हाळ्यांपूर्वी गेली. ही एकटी राहिली." मास्तरांनी हौदाच्या काठावरून हात फिरवला. "शिवरात्रीच्या आदल्या दिवशी याच हौदात तिला अभिषेक केला. दूध, मध, गंगोदक. साऱ्या वाडीनं घरटी तांब्या तांब्या दूध आणलं होतं. काय शोभत होती!"

"आणि परवा सकाळी?"

"मी सगळ्यांच्या नंतर पोचलो. गुडघे दुखतात. बिचारी त्या उत्तरेच्या कोनाड्यात अडकून पडली होती, अगदी अनाथासारखी. मला पाहवलं नाही, मी मान फिरवली."

बाईंनी पन्ह्याचा शेवटचा घोट घेतला. "मास्तर, बैठकीआधी चहा तुमच्याकडेच घेऊ. सगळ्यांना बोलावते. चालेल ना?"

"आनंदानं," मास्तर म्हणाले. अप्पारावांना वाटलं, आनंद जरा उशिरा आला.

उन्हं कलली तेव्हा हौदाभोवती सगळे जमले. साठे खुर्चीत, कडूबा उकिडवा, मास्तर चौरंगावर, भामाबाई दाराच्या कडेला उभी. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. भानुमतीबाईंनी स्वतःची खुर्ची तिला दिली आणि आपण उभ्या राहिल्या.

"रूपा, तू सांग आधी."

रूपानं हळदीकुंकवाचा एक छोटा करंडा उघडला. "नथवालीची सखी दोन उन्हाळ्यांपूर्वी मेली, तेव्हा सराव म्हणून मी तिचे खडे काढून ठेवले होते. दोघी एकाच दिवशी बारवेत आलेल्या, एकाच पाण्यात वाढलेल्या. सखीचा खडा हा. मसुराच्या डाळीपेक्षा मोठा, आणि आत रेघा इतक्या दाट की मोजताना डोळे दुखतात. बर्फातल्या माशाचा हा. त्याच्या निम्मासुद्धा नाही. आतले थर रुंद रुंद, भरपूर खाणाऱ्याचे. मग एक काळी रेघ. जागा बदलली, पाणी बदललं की अशी रेघ पडते. तिच्या बाहेर अगदी कडेला बारीक थरांची झालर. उपाशी दिवसांची, थोड्याच महिन्यांची."

"याचा मतलब?" साठे म्हणाला.

"मतलब असा," बाई म्हणाल्या, "की बर्फातला मासा नथवाली नाहीच. तो एखाद्या तळ्यात खाऊन झटपट वाढला आणि या हिवाळ्यात बारवेत आला. गाळ काढला तेव्हा."

कडूबा उठून उभा राहिला. "बाई, माझ्या तळ्यातला आसंल, पन म्या नाय टाकला!"

"बस कडूबा. तू टाकला नाहीस. तुझ्या पिंपावर शंभर डोळे होते. साठ्यांनी पण बदलला नाही. त्यांच्या हॉटेलातून निघायच्या दिवशी मासा पोरीच्या बोटातून बिस्किट घेत होता. माणसाच्या हातून खाणारी ती खरी नथवाली. भामाबाई जालन्याहून आली, तेव्हा मासा हाताजवळ येईना. तो रुसला नव्हता, भामाबाई. तो तुम्हाला ओळखतच नव्हता."

भामाबाईच्या तोंडून बारीक आवाज निघाला. हॉटेल आणि मिरवणूक यांच्या मधे एकच जागा उरत होती, आणि सगळे तिच्याच काठावर बसले होते.

"पण नथ?" अप्पारावांना राहवलं नाही. "तिच्यासाठीच मारली ना?"

"हा मासा कुणी मारलाच नाही. मे महिन्याचं पाणी, तळाला गेलेलं. गुदमरून मेला. आणि याच्या ओठात सोनं कधी नव्हतंच. अप्पाराव, तुम्ही ज्याला शेवाळ म्हणालात तो पितळेचा हिरवा डाग. सोनं डाग सोडत नाही, आणि नुकत्याच उपसलेल्या बारवेत शेवाळ नाही. पितळ हिरवं पडलं होतं. मेलेला मासा लोकांच्या हाती गेला असता, तर नथ खोटी आहे हे पोरानंही सांगितलं असतं. म्हणून कुणीतरी भामाबाईच्या आधी तिथं गेलं आणि नथ काढून घेतली. मास्तर, भामाबाईनं मासा पायरीवर आणला आणि मग हाका मारल्या. सगळ्यांनी तो पायरीवर पाहिला. तुम्ही सगळ्यांच्या नंतर आलात. मग उत्तरेच्या कोनाड्यात अडकलेला तुम्ही कधी पाहिलात?"

मास्तरांनी हातातली बशी खाली ठेवली.

"मी सोन्याला शिवलो नाही," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. तुम्ही खरी नथवाली चोरली नाही, मारली. प्रेमानं मारली. तांब्या तांब्यानं दूध ओतलंत या हौदात. दुधानं पाणी नासतं, माशाचे कल्ले चोंदतात. कडूबानं हौद घासला तेव्हाचा आंबट वास त्या दुधाचा. शिवरात्र तोंडावर, गाव जमणार. तुम्ही कडूबाकडून जिता मासा आणलात. माळकऱ्याच्या घरी कुठला पाहुणा मासा खातो? ओठ टोचून पितळेची नथ घातलीत."

"पर मॅडम, असली नथ?" साठे पुढे सरकला.

बाईंनी बेलाच्या बुडाशी असलेल्या ओट्याकडे पाहिलं. "ते मास्तरच सांगतील. नाहीतर कडूबाकडे कुदळ आहे."

मास्तर उठले, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतःच ओट्याजवळ बसले. कडूबानं माती उकरली. रेशमी खणाचा तुकडा निघाला, त्यात काटे, कवटी, आणि मातीतही पिवळी राहिलेली नथ. रूपानं कवटी अलगद उचलली, चिमट्यानं आत चाचपलं आणि तळहातावर खडा ठेवला. करंड्यातल्या खड्याशेजारी तो बहिणीसारखा दिसत होता.

"सवाष्णीसारखी गेली," मास्तर पुटपुटले. "तिच्या अंगावरचं सोनं काढायला माझा हात धजला नाही."

भामाबाई खुर्चीतून उठली. नथेकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"मास्तर, मासा मेला त्याचं मी काय म्हणत नाय. माझ्या हातून पन मेला असता. तुम्ही परवा तिथंच हुभे होता. मला चोर म्हणले, माझी पिशवी झाडली, पदर झटकायला लावला. माशाच्या अंगावरचं सोनं काढायला हात धजला नाय, आन माझ्यावर आळ टाकायला धजला?"

मास्तरांनी तिच्या पायाला हात लावायला वाकायचा प्रयत्न केला. ती मागे सरली.

"पाया नका पडू. बैठकीला चला."

साठेनं घसा साफ केला. "अरे, घरातच मिटवू. गावाचं नाव, बारवेचं नाव... नवीन मासा आणू, असली नथ आहेच, कुणाला कळणार?"

"साठेसाहेब," भानुमतीबाई म्हणाल्या, "खोट्या दाव्यावर मी नोकरीत असतानाही कधी सही केली नाही."

बारवेच्या पायऱ्यांवर सगळी वाडी बसली होती. तळात पाण्याचा निळा तुकडा होता. अप्पाराव आयुष्यात पहिल्यांदाच सर्वांत मागे उभे राहिले. मुकुंद मास्तर खाली, पाण्यालगतच्या पायरीवर गेले. हात जोडले. तोंड उघडलं, पण त्या मऊ आवाजातली पहिली दोन वाक्यं दगडातच जिरली. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

भामाबाई वरच्या पायरीवर, आपल्या मुरमुऱ्याच्या जागेवर बसली होती.

"मोठ्यानं, मास्तर," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू आलं नाय."